मदत हवी आहे: जळगावच्या उन्हात अ‍ॅक्वाटिंट करडं येतंय

बीएफए प्रिंटमेकिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सुट्टीत जळगावला काम करतेय. अ‍ॅक्वाटिंट म्हणजे धातूच्या प्लेटवर बारीक खळगे कोरून, त्यांत शाई भरून छटा छापायची पद्धत. माझी झिंक प्लेट, मोरचूद-मिठाच्या पाण्यात कोरलेली (घरात लहान मुलं आहेत, नायट्रिक अ‍ॅसिड नको). हिवाळ्यात याच प्लेटचे ठसे काळेभोर आले होते. मोजकेच काढलेत, प्लेट झिजलेली नाही. आता पारा ४४ वर. शाई इतकी पातळ होते की वरची जादा शाई पुसायला खळीची मलमल फिरवताच बारीक खळग्यांतलीसुद्धा निघून येते. प्लेट तापवत नाही. शाई घट्ट करायला मॅग्नेशियम कार्बोनेट घातलं, तर ती कोरडी पडून खळग्यांत बसेना. छपाईला लागतो तसा कागद ओला राहतो, ती अडचण नाही. प्रेस दुसऱ्यांचा, दुपारीच मिळतो.

शाईत आटवलेलं घट्ट जवसाचं तेल किती घालावं? की पुसण्याआधी प्लेटच बर्फाच्या ट्रेवर गार करावी? तसं केल्यास ओल धरून ठशावर डाग पडतात का?