मोनेच्या धुक्यातल्या सेन नदीत झाडं कुठे संपतात आणि पाणी कुठे सुरू होतं?

नदीकाठची:
लोकहो, फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची ती सेन नदीवरच्या सकाळची सिरीज आहे ना, फ्रान्समधल्या त्याच्या जिव्हर्नी गावाजवळची, त्यातलं शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधलं १८९७ चं धुक्याचं चित्र ऑइलमध्ये कॉपी करायला घेतलंय. स्क्रीनवर कलर पिकर (फोटोतला नेमका रंग दाखवणारं टूल) लावून एकेक शेड जुळवली, तरी माझी झाडं वेगळी, पाणी वेगळं आणि मधे चक्क रेघ! उजेड तर गायबच. मूळ चित्रात हद्दच सापडत नाही तरी नदी नदीच वाटते, हे कसं जमवलंय? आणि गडदसाठी काळा चालेल का?

ऑनदस्पॉटवाला:
ताई, पिकर बंद करा आधी. मूळ चित्र आणि तुमची कॉपी दोन्हीचे फोटो मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट करून शेजारी ठेवा. मूळ चित्र बरंचसं एका करड्यात विरघळेल कारण तिथे टोनचा, म्हणजे फिकट-गडदपणाचा, फरक अगदी थोडा आहे, खेळ सगळा गरम-थंड रंगांचा, जांभळट निळ्याशेजारी हलका गुलाबी असा. धुक्यातले बारीक थेंब उजेड सगळीकडे पसरवतात, त्यामुळे लांबचं गडद झाडसुद्धा फिकट होतं. काळा अजिबात नको. १९०५ मध्ये कुणीतरी रंग विचारले तर मोनेने पत्रात पांढरा, कॅडमियम यलो, व्हर्मिलियन, डीप मॅडर, कोबाल्ट ब्लू आणि एमराल्ड ग्रीन सांगितले, बस्स.

फावलावेळ:
त्याची कामाची पद्धत पण बघा, भन्नाट आहे. पहाटे साडेतीनला उठायचा आणि एप्त नदी सेनला मिळते त्या बाजूला सपाट तळाच्या बोटीत बसून रंगवायचा. १८९७ च्या उन्हाळ्यात एक पत्रकार तिथे गेला तेव्हा एकाच वेळी १४ कॅनव्हास चालू होते, उजेड बदलला की मदतनीस पुढचा कॅनव्हास हातात देणार. म्हणजे एका कॅनव्हासवर एकाच वेळेचा उजेड. त्याच्या आधीच्या पॉपलरच्या झाडांच्या सिरीजमधल्या एका चित्राचा उजेड तर सातच मिनिटं टिकायचा असं त्याची शेजारीण, चित्रकार लिला कॅबट पेरी हिने लिहून ठेवलंय. आपण मात्र एक कॉपी महिनाभर कधी ट्यूबलाइटखाली तर कधी खिडकीत करतो, मग उजेडाची भेळ होणारच.

नदीकाठची:
ब्लॅक अँड व्हाइट केलं, माझी झाडं खूपच काळी निघाली. पण सगळंच फिकट केलं तर चित्र सपाट नाही का होणार?

ऑनदस्पॉटवाला:
नाही होत, जवळच्या फांद्यांना किंचित जास्त वजन द्या आणि लांबचं सगळं एकमेकांत मिसळू द्या. ती रेघ कोरड्या ब्रशने आडवी ओढून मोडा, रंग ओला असतानाच. प्रतिबिंब झाडाच्याच मिश्रणातून करायचं, वेगळं निळं पाणी कालवायचं नाही.

सिस्लेप्रेमी:
माझं मत वेगळं. शिकायला मोनेच्या धुक्यापेक्षा त्याच्याच काळातला चित्रकार सिस्ले याचं १८७६ चं पोर्ट-मार्ली गावातल्या पुराचं चित्र घ्या. घरं, आभाळ, पाणी सगळं स्पष्ट आणि तरी त्या गढूळ पाण्यात आभाळाचा उजेड खेळतोय. तो आधी आभाळ रंगवायचा, पाण्याचा रंग त्यावरूनच ठरतो. धुकं नंतर करा की, पळून जातंय का!

फावलावेळ:
धुकं तर पळूनच जातं, म्हणून तर १४ कॅनव्हास 😄