कमांड लाइन शिकायचीय, सुरुवात कुठून करू?

नवी_पाटी: लिनक्स टाकून घेतलंय, पण टर्मिनल उघडल्यावर पुढे काय लिहावं सुचत नाही. शंभर-शंभर कमांडच्या याद्या मिळतात, पण पाठांतर नकोय. रोज खरोखर काय लागतं? शिवाय चुकून फाइली उडतील ही धास्ती आहेच. जाणकारांनी सांगावं.

टर्मिनलवेडा: याद्या राहू द्या. आधी तीनच घ्या. पीडब्ल्यूडी सांगते आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत, एलएस दाखवते तिथे काय आहे, आणि सीडीने दुसरीकडे जाता येतं. यांनी काहीही बिघडत नाही, तेव्हा बिनधास्त हिंडा. नुसतं सीडी लिहून एंटर मारलं की थेट होम फोल्डर. पुढे जागा सोडून दोन टिंबं दिली की एक पायरी वर.

आणि टॅब! नावाची दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबा, उरलेलं आपोआप येतं. आलं नाही, तर एकतर तशी अनेक नावं आहेत किंवा तुम्ही भलत्याच फोल्डरमध्ये आहात. टायपिंग वाचतं हे आहेच, पण चूक एंटर मारायच्या आधीच कळते, ते जास्त मोलाचं.

जपून_चला: धास्तीबद्दल. आरएम म्हणजे फाइल काढून टाकणारी कमांड. तिने काढलेली फाइल कचरापेटीत जात नाही, गेली ती गेली. म्हणून आधी एलएस चालवा. समजा 'जुने'ने सुरू होणाऱ्या फाइली काढायच्यात. एलएस जुने* लिहा (* म्हणजे पुढे काहीही असो), यादी नीट बघा. मग वरचा बाण दाबून तीच ओळ आणा आणि एलएसच्या जागी 'आरएम -आय' करा. प्रत्येक फाइलीला विचारून काढेल. 'जुने' आणि * यांच्यात चुकून जागा सुटली, तर * म्हणजे फोल्डरमधल्या सगळ्या दिसणाऱ्या फाइली! एलएसची लांबलचक यादी बघून ते वेळीच लक्षात येतं.

सीपी (फाइलची प्रत करणारी) आणि एमव्ही (फाइल हलवणारी किंवा तिचं नाव बदलणारी) यासुद्धा त्याच नावाची फाइल असेल तर सहसा न विचारता तिच्यावर लिहितात. तिथेही -आय लावा.

नवी_पाटी: हे फार कामाचं आहे, आभार! मॅन, म्हणजे कमांडची माहिती दाखवणारी कमांड, उघडल्यावर बाहेर कसं पडायचं?

टर्मिनलवेडा: क्यू दाबा. आत असताना तिरकी रेघ देऊन शब्द लिहिलात की शोधता येतो, एनने पुढचा. मोठ्या फाइली वाचायला लेस वापरा, बटणं तीच. चालू कमांड थांबवायला कंट्रोल-सी.

जपून_चला: एमकेडीआयआरने 'सराव' नावाचं फोल्डर करा, टचने आत रिकाम्या फाइली बनवा आणि आरएम, एमव्ही तिथेच मनसोक्त चालवून बघा.