चंगाई सभेनंतर गोळ्या बंद करणं हा विश्वास आहे का?

नगरी: आमच्या ओळखीच्या एका काकूंनी चंगाई सभेतून, म्हणजे आजारी बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या ख्रिस्ती प्रार्थनासभेतून, आल्यावर शुगरच्या गोळ्या बंद केल्या. 'प्रभूनं बरं केलंय, आता गोळी घेतली तर तो अविश्वास.' टाचेची साधी जखम चिघळली, आता रोज ड्रेसिंग. 'मी बरी झाले' या त्यांच्या साक्षीला सभेत टाळ्या पडल्या होत्या; ड्रेसिंगला सोबत जायला त्यातलं कुणीही नाही.

माझ्या मते हा विश्वास नव्हे. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं सैतान येशूला म्हणाला, तेव्हा देवाची परीक्षा पाहू नकोस, असं येशूनं त्याला सुनावलं, हे बायबलमध्येच आहे. गोळ्या फेकणं ही तीच उडी. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. मिरजेत 1894 मध्ये मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी दवाखाना उभारला, 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आरोग्याचं काम करायला आलं, ते याच श्रद्धेपोटी.

सांत्वना: दादा, काकूंचं वाईट वाटलं. पण सगळ्या सभा एका मापानं मोजू नका. आई आयसीयूत असताना डॉक्टरच म्हणाले, 'आता देवावर सोडा.' त्या रात्री आमच्या गटातल्या बायका बाहेर जिन्यात बसून प्रार्थना करत होत्या, सकाळी चहाचा थर्मासही त्यांनीच आणला. आजाऱ्यानं मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातच आहे. डिपॉझिट भरल्याशिवाय ज्यांना कुणी दाखल करून घेत नाही, त्यांच्या डोक्यावर या सभेत कुणीतरी हात ठेवतं. मोठ्या चर्चमध्ये आजाऱ्यांची नावं वाचून होतात आणि लोक घरी जातात.

विवेक_पुणे: मी श्रद्धावान नाही. रोगी बरा झाला तर देवाची कृपा, नाही झाला तर त्याचाच विश्वास कमी. यात देव कधीच चुकत नाही, चुकतो तो रोगी. आणि जामखेडला मुलं वाचली ती लसीकरण, स्वच्छ पाणी आणि जलसंजीवनीमुळे. तिथं देव कशाला हवा?

नगरी: विवेक, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. येशूचा प्रेषित पौल यानं 'देहातला काटा', म्हणजे त्याचा त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता, असं म्हणायची कुणाची छाती आहे? मग काकूंना ते कुणी कसं ऐकवावं?

दुसरा मुद्दा पटत नाही. आरोळे दांपत्य वेल्लोरला शिकलेलं, अमेरिकेत पुढचं शिक्षण घेतलेलं. शहरात त्यांना काय कमी होतं? तरी ते दुष्काळी तालुक्यात आले आणि निरक्षर बायकांना आरोग्यसेविका बनवलं. त्यांत कितीतरी दलित होत्या. मुलं वाचली जलसंजीवनीनं, हे खरंच. पण ती द्यायला जामखेडलाच का गेले, याचं उत्तर त्या पुडीत सापडत नाही.

विवेक_पुणे: माणुसकीत सापडतं. देव न मानणारे डॉक्टरही खेड्यात गेलेत.

सांत्वना: गेलेत, आणि त्यांचा मला आदर आहे. दादा, 'गोळ्या सोडा' असं व्यासपीठावरून कुणी म्हणत असेल, तर त्याला तिथल्या तिथं अडवायला हवं, हे मी आमच्या पाळकांना सांगणार आहे. पण प्रार्थना बंद करा म्हणाल तर ऐकणार नाही. आणि एक विचारते, राग मानू नका: काकूंच्या ड्रेसिंगला तुमच्या मंडळीतलं तरी कुणी जातं का? त्या कुठल्या भागात राहतात तेवढं कळवा. आमच्यातल्या दोघी नर्स आहेत.