हायड्रोजन ‘धातू’ कसा? कन्नड पुस्तकानं शब्द बिघडवला की आपणच अर्धा विसरलो?

सीमाभागी (वडगाव)
काल भाचीची विज्ञानाची वही हातात घेतली आणि डोकं फिरलं. पोरगी इथं बेळगावात सातवीपर्यंत मराठी शाळेत, यंदा आठवीला कन्नड माध्यमात घातली. आठवणीसाठी तिनं मराठीत लिहून ठेवलंय, ‘हायड्रोजन हा धातू आहे. सोने हे लोह आहे.’ खाली निळ्या पेनानं दोनदा रेघ मारलीय. बाईंनी फळ्यावर कन्नडात हेच शब्द लिहिले होते म्हणे. आमचा शब्द ‘त्यांनी’ उचलायचा, त्याचा अर्थ उलटा करायचा आणि आमच्याच पोरांना पाजायचा. निदान विज्ञानाच्या पुस्तकात तरी हे चालू देऊ नये. ही पुस्तकं लिहिणाऱ्यांना विज्ञान येत नाही की संस्कृत?

निवृत्त मास्तर (खानापूर)
झोपायला चाललो होतो, हे वाचून परत बसलो. ३१ वर्षं विज्ञान शिकवलंय, त्यामुळं सोडवत नाही.

पुस्तक बरोबर आहे. कन्नडात मूलद्रव्याला ‘धातु’ म्हणतात आणि आपण ज्याला धातू म्हणतो त्याला ‘लोह’. आपल्या लोखंडाला त्यांच्यात ‘कब्बिण’. म्हणजे बाईंनी लिहिलं ते असं: हायड्रोजन हे मूलद्रव्य आहे, सोनं हा धातू आहे. यात चूक काय? पोरीनं अक्षरं मराठीत आणली, अर्थ तिकडंच राहिला. तिला हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

आता ‘आमचा शब्द’. तो आपल्या एकट्याचा कधीच नव्हता. मूळ ‘धा’, धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, ‘डुधाञ् धारणपोषणयोः’. जे धरून ठेवतं ते. करणे, केला, करून, करणारा या सगळ्यांच्या पोटात ‘कर’ बसलाय, म्हणून तो व्याकरणातला धातू. असे सुमारे २००० धातू पाणिनीच्या धातुपाठात आहेत, पहिला ‘भू’. आयुर्वेदात शरीर धरून ठेवतात ते रसापासून शुक्रापर्यंतचे सात. पाली ग्रंथांत पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू यांना पठवीधातु, आपोधातु, तेजोधातु, वायोधातु म्हटलंय, म्हणजे ज्यांच्यापासून बाकीचं घडतं ते. मूलद्रव्याला याहून जवळचा शब्द कुठला? कन्नडानं तो धागा धरला. आपण खाणीतल्या पदार्थाचा धागा धरला, तोही जुनाच. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष शिळेवर बायकोचं चित्र काढतो ते ‘धातुरागां’नी, म्हणजे गेरूसारख्या डोंगरातल्या रंगांनी. गेरू हा आजच्या पुस्तकातला धातू आहे का? नाही.

आणि लोह म्हणजे फक्त लोखंड, असं वाटत असेल तर पंचलोहाची मूर्ती म्हणताना पाच प्रकारचं लोखंड म्हणता का?

फाउंड्रीवाला (उद्यमबाग)
मास्तर, तुमचं संस्कृत मोठं आहे वो, पण मी २६ वर्षं भट्टीपुढं उभा आहे. लाडलमधनं, म्हणजे ओतायच्या भांड्यातनं, साच्यात रस पडताना ज्याची धग तोंडावर येते तो धातू. ज्याला हातोडा मारला की आवाज येतो तो धातू. हायड्रोजन तर आमचा दुश्मन. अॅल्युमिनियम वितळवताना कुठनं ओल शिरली, की रसात हायड्रोजन मुरतो. माल गार होताना तो बाहेर पडायला बघतो आणि आत बारीक भोकं करून ठेवतो. वरनं कास्टिंग चकचकीत, मशिनवर घेतलं की सुईच्या टोकाएवढी भोकंच भोकं. गेल्या पावसाळ्यात अख्खी लॉट परत आली. त्याच हायड्रोजनला धातू म्हणायचं? माझी जीभ वळत नाही.

आकाशवाला (टिळकवाडी)
काका, दुर्बीणवाल्यांकडं आलात तर आणखी त्रास होईल. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्यालाच धातू म्हणतात. ऑक्सिजन धातू, कार्बन धातू. सूर्याच्या वस्तुमानात असले ‘धातू’ दोन टक्क्यांहून कमी. शिवाय प्रचंड दाबाखाली हायड्रोजन खऱ्या धातूसारखा वीज वाहील, हे विग्नर आणि हंटिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३५ मध्येच मांडलं होतं. गुरू ग्रहाच्या पोटात तो तसाच आहे असं आज मानतात. म्हणजे वहीतलं पहिलं वाक्य गुरूवर मराठीतसुद्धा खरं.

सीमाभागी (वडगाव)
गुरूवर शाळा काढा मग. भाची वडगावात शिकते. तिची घटक चाचणी सोमवारी आहे.

निवृत्त मास्तर (खानापूर)
फाउंड्रीवाले, तुम्ही शॉपमध्ये ‘मेटल’च म्हणता ना? रस्त्याचा ठेकेदारही २० मिलिमीटरची मेटल, ४० मिलिमीटरची मेटल म्हणतो, आणि ती असते खडी! ग्रीक ‘मेटॅलॉन’ म्हणजे खाण. खाणीतून दगड आला तरी मेटल, तांबं आलं तरी मेटल. इंग्रजीला एका शब्दात दोन अर्थ चालतात, मग कन्नडावर एवढा राग का?

शहापूरची सून
माझं माहेर गोकाकचं, कन्नड. सासर शहापूरचं, मराठी. दोन्हीकडचं बोलते म्हणून ऐका.

थोरल्याला मीच कन्नड माध्यमात घातला. एका परीक्षेत ‘लोहांची नावे लिहा’ असा प्रश्न होता. त्यानं एकच लिहिलं, कब्बिण. पाच मार्कांतला एक मिळाला. घरी येऊन म्हणाला, ‘आई, लोह एकच असतंय ना?’ माझ्या सासूबाई त्याला लहानपणापासून म्हणायच्या, पालक खा, लोह मिळतं. लेकराचं काय चुकलं? मी शाळेत जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, घरी कन्नड बोलत जा. अहो, घरी बोलतेच की मी कन्नड! पण घरच्या कन्नडात आम्ही बंगारा म्हणतो, ताम्र म्हणतो, ‘लोह’ कोण म्हणतंय? पुस्तकी शब्द माहेरच्या पोरांनाही नवाच असतो. त्यांना निदान डोक्यातनं दुसरा अर्थ काढून टाकावा लागत नाही.

सीमाभागी (वडगाव)
वहिनी, हेच तर म्हणतोय. मराठी पोराला मराठीत शिकवलं असतं तर हे झालंच नसतं. मराठी शाळा सोडून घातलाच का?

शहापूरची सून
तुमच्या भाचीला कुणी घातलं?

सीमाभागी (वडगाव)
दाजींनी. माझं ऐकलं नाही त्यांनी.

शहापूरची सून
मग ऐका का घालतात ते. आमच्या जवळच्या मराठी शाळेत त्या वर्षी वर्गात नऊ पोरं. घरपट्टीची नोटीस कन्नडात, जमिनीचा उतारा कन्नडात, नोकरीचा अर्ज कन्नडात. सासरे ७२ वर्षांचे, स्वतःच्या नावावरचा उतारा माझ्याकडनं वाचून घेतात. एकदा मी माहेरी होते तेव्हा शेजारच्या पोराला वाचायला दिला, त्यानं गट नंबर चुकीचा सांगितला, दोन फेऱ्या वाया गेल्या. माझ्या पोरानं तरी कुणाच्या तोंडाकडं बघत बसू नये, म्हणून घातला.

सीमाभागी (वडगाव)
उतारा मराठीत मिळणं हा हक्क आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर आहेत तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायला हवेत, हे कितीदा मागायचं? बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं त्या १९५६ पासून आमच्या तीन पिढ्या हेच मागतायत. आता २०२४ पासून दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नडची सक्ती. माझ्या काकांचं ४० वर्षांचं दुकान, पाटी उतरवून नवी करून घ्यावी लागली. जुनी पाटी त्यांनी माळ्यावर ठेवलीय, पुसून, कापडात गुंडाळून. तुम्ही उतारा वाचायला पोरं तयार करा, आम्ही पाटी गुंडाळतो.

फाउंड्रीवाला (उद्यमबाग)
पाटीचं दुःख मलाही आहे. पण माझ्या भट्टीवर मराठी, कन्नड, हिंदी बोलणारी पोरं एकत्र लाडल धरतात. एकानं ‘थांब’ म्हटलं आणि दुसऱ्याला कळलं नाही तर पाय भाजतो. त्यांनी आपसात शब्द ठरवून घेतलेत. शाळेत मास्तर-बाई का ठरवून घेत नाहीत?

सीमाभागी (वडगाव)
भट्टीची गोष्ट वेगळी. तिथं पगार मिळतो म्हणून जुळवून घेतात. इथं आमची भाषा जाते.

शहापूरची सून
आणि माझी भाषा कुठली हो? घरात रोज दोन्ही बोलते, तरी तुम्हाला मी परकीच? पुस्तक ‘त्यांनी’ बिघडवलं लिहिताना ‘त्यांनी’ म्हणजे माझे वडील पण आले. ते ३० वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होते.

वैद्य (निपाणी)
भांडणात शिरत नाही, पण धातू म्हटलं की माझी एक तक्रार आहे. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘धातू जाणे’च्या जाहिराती वाचून पोरं माझ्याकडं घाबरून येतात. सातवा धातू शुक्र, म्हणजे वीर्य, त्याचा एक थेंब गेला की अंगातलं सगळं गेलं, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. मागच्या महिन्यात एक विशीतला पोरगा आला, जेवण सोडलेलं, वजन उतरलेलं, खिशात ८०० रुपयांच्या गोळ्या. या भीतीला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं. तुमच्या वहीतल्या चुकीनं चार मार्क जातात, भिंतीवरच्या शब्दानं पोरगा खंगतो. त्यावरही कुणी लिहा.

निवृत्त मास्तर (खानापूर)
वैद्यबुवा, लिहिलंच पाहिजे.

सीमाभागी, तुमच्या पाटीबद्दल आणि उताऱ्याबद्दल माझं एका शब्दाचंही दुमत नाही. सीमाप्रश्नावरचा १९६७ चा महाजन अहवाल आला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो, घरातली बोलणी अजून कानात आहेत. पण त्या रागाचं ओझं ‘धातु’ या शब्दावर टाकू नका. आणि माझीही एक चूक कबूल करतो. कन्नड माध्यमात जाणारी पोरं दरवर्षी माझ्या वर्गातून जात होती, आणि जाताना मी त्यांना हे कधी सांगितलं नाही. मला माहीत होतं, तरी सांगितलं नाही.

भाचीला एवढंच लिहून द्या: कन्नड धातु म्हणजे मूलद्रव्य. कन्नड लोह म्हणजे धातू. कन्नड कब्बिण म्हणजे लोखंड. मिश्रलोह दिसलं की घाबरू नको, ते आपलं संमिश्र, पितळ-काशासारखं. व्याकरणाच्या तासाला मात्र धातू दोन्हीकडं एकच.

सीमाभागी (वडगाव)
लिहून दिलं. तिनं विचारलं, ‘मामा, मग बाई बरोबर होत्या?’ हो म्हणालो, दुसरं काय म्हणणार.

वहिनी, ‘त्यांनी’ हा शब्द मागं घेतो. पुस्तकाबद्दलचंही मागं घेतो. उताऱ्याचं आणि पाटीचं अजिबात घेत नाही, त्यासाठी उद्या वेगळा धागा काढतोय. तिथं या.

शहापूरची सून
येते. सासऱ्यांचा उतारा पण घेऊन येते.