‘व्हॅक्सिन’ची व्याख्या बदलली की सोयीने वाकवली?

तिरकस_पुणेकर (धागाकर्ता)
सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) संकेतस्थळावरची व्हॅक्सिनची व्याख्या बदलली. आधी होतं, रोगाविरुद्ध ‘इम्युनिटी निर्माण करणारं’. नंतर झालं, शरीराचा ‘प्रतिकार चेतवणारं’. दोन-दोन डोस घेतलेल्यांना कोविड व्हायला लागला, नेमकं तेव्हाच हे सुचलं! लसीशी माझं भांडण नाही, मी स्वतः घेतलीय. पण डाव रंगात आल्यावर नियम बदलायचे, हे काही पटत नाही.

काकडआरती
अहो, हा शब्द पहिल्यापासूनच ताणला गेलाय. लॅटिनमध्ये व्हॅक्का म्हणजे गाय. १७९६ मध्ये जेनर या इंग्रज डॉक्टरने देवीच्या रोगापासून वाचवायला एका गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. गायीच्या देवीपासून (गायींना होणारा, देवीसारखाच पण सौम्य रोग) केलेलं ते व्हॅक्सिन. मूळ अर्थच धरून बसायचं तर पोलिओचे थेंबही बाद! १८८१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरने लंडनच्या वैद्यक परिषदेत सांगितलं, जेनरच्या सन्मानार्थ हा शब्द इतर रोगांनाही लावूया. तेव्हापासून गाय सुटली, नाव राहिलं.

तिरकस_पुणेकर
पाश्चरने भर सभेत सांगितलं. इथे वेबपानावर गुपचूप खाडाखोड. फरक आहे.

दोन_पैसे
सगळा कंपन्यांचा धंदा आहे हो.

परळकर
@दोन_पैसे, धागा शब्दावर आहे.
आपल्या मुंबईतलंच घ्या. जानेवारी १८९७ मध्ये शास्त्रज्ञ हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मारलेले जंतू होते त्यात. आज कुणीही तिला व्हॅक्सिन म्हणेल. पण त्या काळच्या कागदपत्रांत ‘प्रोफिलॅक्टिक’, म्हणजे प्रतिबंधक, असं सापडतं. आणि आपल्याकडे? दंडावरचा गोल वण दाखवून म्हातारी माणसं ‘देवी काढल्या होत्या’ म्हणायची. ‘लस’ हा शब्द तर जखमेतून झिरपणाऱ्या पाण्यालाही आहे. १८०२ मध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली आणि तिच्या फोडातला द्रव पुढच्यांना दिला. तेव्हा लस म्हणजे अक्षरशः लसच होती!

तिरकस_पुणेकर
माहिती झकास, पण माझा मुद्दा तिथेच. आधीच्या व्याख्येत संरक्षणाचं आश्वासन होतं, नव्या व्याख्येत ते गायब.

काकडआरती
ते आश्वासन जेनरनेच फुगवलं होतं. एकदा गायीची देवी येऊन गेली की माणूस कायमचा सुरक्षित, असं त्याने छापून टाकलं. पुढे परिणाम ओसरतो हे कळलं आणि पुन्हा टोचायची वेळ आली. म्हणून देवीच्या लसीला कुणी व्हॅक्सिन म्हणायचं सोडलं का? सीडीसीचा खुलासाही हाच होता: जुन्या वाक्यातून शंभर टक्के संरक्षण असा अर्थ निघत होता आणि तसं कुठलीच लस देत नाही.

तिरकस_पुणेकर
मग जुनी व्याख्या तारखेसकट खाली ठेवून, का बदलली याची एक ओळ लिहायला काय जात होतं?

काकडआरती
काही जात नव्हतं. पण तो कारभाराचा दोष झाला, शब्दाचा नाही.

परळकर
यावर दोघांचंही जमतंय की!

तिरकस_पुणेकर
अजिबात नाही. ‘बूस्टर’वर वेगळा धागा काढतो.