किनारी शहराच्या नगरपालिकेने आधी कशावर खर्च करावा?

प्रश्न: निधी मर्यादित असेल, तर धूप रोखण्यासाठी संरक्षक भिंत बांधावी की कांदळवने राखावीत?

उत्तर १: भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते, त्यामुळे भिंत टिकली तरी पुळण हळूहळू नाहीशी होते, कांदळवनाची मुळे मात्र लाटांचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात आणि माशांच्या पिल्लांना आसराही देतात. केवळ रोपे लावून भागत नाही. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा मोकळ्या असाव्या लागतात, आणि नेमके तेच दुर्लक्षिले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

उत्तर २: सहमत आहे. तरीही प्रक्रिया न केलेले सांडपाणी समुद्रात जात असेल, तर त्यातील नायट्रोजनमुळे शेवाळ माजून पाण्यातील प्राणवायू घटतो. म्हणून पहिला खर्च सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरच व्हावा.

प्रश्नकर्ता: पायथ्याच्या वाळूचा विचार मी केलाच नव्हता. आभारी आहे.