मदत हवी आहे: ऑनलाइन गोष्ट सांगताना आजींना मुलांचा हुंकार कसा ऐकू यावा?

नमस्कार. पुण्यातील आमच्या सोसायटीतील चार आजी-आजोबा दर रविवारी रात्री साडेआठ वाजता झूमवरून कॅलिफोर्नियातील नऊ मराठी मुलांना गोष्टी सांगतात. तेव्हा तिकडे सकाळचे आठ वाजलेले असतात. मुले पाच ते आठ वर्षांची आहेत. त्यांना मराठी समजते, पण उत्तर बहुधा इंग्रजीतूनच येते.

खरी अडचण हुंकाराची आहे. सगळ्यांचे माइक सुरू ठेवले, तर 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' ही ओळ नऊ घरांतून मागेपुढे येते आणि श्रवणयंत्र लावणाऱ्या आजींना नुसता कल्लोळ ऐकू येतो, माइक बंद ठेवले, तर निःशब्द पडद्याकडे पाहत त्या "आहात ना रे बाळांनो?" असे विचारत राहतात. मागच्या रविवारी म्हातारीला भोपळ्यात बसवून त्या मध्येच थांबल्या, आणि ते पाहून मला फार वाईट वाटले.

एका वेळी एकाच मुलाला 'हूं' म्हणायला सांगावे, की मुलांचे दोन गट करावेत? श्रवणयंत्राला थेट जोडता येईल अशी सोय कोणी घरी वापरली आहे का? शिवाय नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातील, म्हणजे मुलांना सकाळी सातला बसावे लागेल. आजींना मात्र साडेनऊपर्यंत जागवणे मला योग्य वाटत नाही. ज्यांनी असा उपक्रम चालवला आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा.